काचेत आबाजी का दिसत नाहीत?

प्रश्न : आमचं जुनं घर यंदा उतरवायला काढलं. माळ्यावर एक सागवानी पेटी निघाली. आत खाचा पाडलेल्या आणि प्रत्येक खाचेत एक काच उभी, अशा तेवीस काचा. प्रत्येक काच पावणेपाच इंच रुंद, साडेसहा इंच लांब. आधी वाटलं, कुठल्या तरी कपाटाच्या असतील. एक काच खिडकीशी धरली तर माणसं दिसली, पण उलटी : तोंडं काळी, केस पांढरे. आमचे आबाजी इंग्रजांच्या काळात नागपूरला कॉलेजात शिकले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. काचांवर कोट-धोतरातली मुलं आहेत. पायऱ्यांवर बसलेला वर्ग आहे, त्यातल्या टोकाच्या मुलाचं तोंड धुरासारखं पुसट झालंय. होस्टेलच्या खोलीत कंदिलाशेजारी पुस्तक घेऊन बसलेला एक जण आहे, नाटकातल्या स्त्रीवेषातली दोन मुलं आहेत. पण आबाजी एकाही काचेत नाहीत. या काचा म्हणजे नक्की काय? किती जुन्या असतील? काही चेहऱ्यांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, कडांना निळसर चांदीसारखी चमक आली आहे. हे पुसावं का? यांचे फोटो कसे काढून घ्यायचे? आणि आबाजींच्या पेटीत आबाजीच का नाहीत?
— एक वाचक, रोहणा (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : सगळ्यांत आधी एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत एकाही काचेला ओलं फडकं लावू नका. कोरडंही नको. पेटी माळ्यावरून खाली आणली असेल तर आतल्या खोलीत, भिंतीच्या आडोशाला ठेवा. आता एकेक प्रश्न घेऊ.

या काचा म्हणजे नक्की काय?

या काचा म्हणजे मूळ फोटो. आपण ज्याला फोटो म्हणतो तो कागद ही या काचेची नक्कल. कॅमेऱ्यासमोर त्या दिवशी बसलेल्या मुलांवरून परावर्तित झालेला उजेड जिथे प्रत्यक्ष येऊन पडला ती जागा म्हणजे ही काच. कागद हरवला तर काचेवरून पुन्हा छापता येतो. काच गेली तर तो क्षण गेला.

काच उजेडात तिरकी धरून पाहा. एक बाजू आरशासारखी चकचकीत दिसेल, दुसरी मंद. मंद बाजूवर जिलेटिनचा पातळ थर आहे आणि त्या थरात चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. जिथे उजेड जास्त पडला तिथे चांदी जास्त साठली, म्हणून तो भाग काळा. पांढरा सदरा काळा दिसतो आणि काळे केस पारदर्शक राहतात, ते यामुळे. हीच निगेटिव्ह.

चकचकीत बाजू तुमच्याकडे करून पाहिलं तर दृश्य सरळ दिसतं, मंद बाजूने पाहिलं तर आरशातल्यासारखं. ओळखायची सोपी खूण म्हणजे अक्षरं. एखाद्या काचेत पाटी किंवा दारावरचं नाव असेल तर ते ज्या बाजूने वाचता येईल ती बाजू बरोबर. अक्षरं नसतील तर कोट पाहा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि छातीचा खिसा डावीकडे असतो. एवढं पाहिलंत तर रांगेतली माणसं ‘डावीकडून’ मोजताना चूक होणार नाही. पुढे नावं लिहायची आहेत, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुम्ही दिलेल्या मापावरून या हाफ प्लेट आहेत. फुल प्लेट साडेसहा इंच बाय साडेआठ, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा, क्वार्टर प्लेट सव्वातीन बाय सव्वाचार. स्टुडिओवाले मोठ्या ग्रुपसाठी याहून मोठ्या काचा वापरत. हाफ प्लेटची काच साधारण दीड मिलिमीटर जाड धरली तर एकेकीचं वजन पाऊणशे ग्रॅमच्या आसपास भरतं. तेवीस काचा म्हणजे पावणेदोन किलो काच, वर सागवानी पेटीचं वजन वेगळं. हे ओझं कुणीतरी नागपूरहून रेल्वेने पुलगावला आणलं आणि तिथून पुढे गावापर्यंत, एकही खाच रिकामी न होऊ देता. पेटी बनवणाऱ्याने खाचा उगाच पाडलेल्या नाहीत.

किती जुन्या असतील?

काचेवर फोटो घेण्याच्या दोन मुख्य रीती होत्या. पहिली ओल्या काचेची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसाने ती १८५१ साली जाहीर केली. काचेवर कोलोडिअन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतल्यावर काही मिनिटांत तिथल्या तिथे धुवायची. थर सुकला की काम फसलं. म्हणून त्या काळचा फोटोग्राफर जिथे जाई तिथे तंबू, बाटल्या, पाणी आणि मदतनीस असं बिऱ्हाडच नेई.

दुसरी रीत कोरड्या काचेची. रिचर्ड लीच मॅडॉक्स हा इंग्रज डॉक्टर. कोलोडिअनमधल्या ईथरच्या वाफांनी त्याची तब्येत बिघडू लागली, म्हणून त्याने पर्याय शोधला आणि १८७१ साली जिलेटिनचा थर वापरून पाहिला. पुढच्या दहा वर्षांत ही रीत इतकी सुधारली की कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा डझनाच्या पुड्यात दुकानात मिळू लागल्या. आज विकत घ्या, महिन्याने फोटो घ्या, सुट्टीत घरी जाऊन धुवा. शिवाय उजेड पुरेसा असेल तर सेकंदाच्या अंशात काम होऊ लागलं.

तुमच्या काचांचा थर कडेपर्यंत एकसारखा आणि काळसर असेल तर त्या कोरड्या, कारखान्यातल्या. थर पिवळट-तपकिरी, हाताने ओतल्यासारखा, एखाद्या कोपऱ्यात बोटाने धरल्याची मोकळी जागा, असं दिसलं तर ओल्या रीतीच्या. होस्टेलच्या खोलीतला कंदील आणि पुस्तक या वर्णनावरून माझा कौल कोरड्या काचांकडे आहे. मला स्वतःला हा फरक फार मोलाचा वाटतो. ओल्या काचेने आपल्याला कॉलेजच्या इमारती दिल्या, स्टुडिओत पडद्यासमोर उभे राहिलेले पदवीधर दिले. कॉलेजातलं जगणं, म्हणजे खोली, मित्र, नाटकाआधीची रंगरंगोटी, हे कोरड्या काचेमुळे दिसू लागलं. कारण ती विद्यार्थ्याच्या ट्रंकेत मावत होती.

महाराष्ट्रात कॅमेरा आणि कॉलेज यांची गाठ मात्र त्याहून बरीच आधी पडली. १८५४ साली मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तेव्हा मुंबई विद्यापीठही जन्मायचं होतं. ते १८५७ चं. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि आपल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांत गणले गेले. लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेले. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले, तिथे फोटोग्राफी शिकले, आणि सिनेमा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. शिकणारा मुलगा आणि कॅमेरा ही जोडी आपल्याकडे जुनी आहे.

आता नागपूरच्या खुणा. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालं. सर बिपीनकृष्ण बोस पहिले कुलगुरू, सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी. त्याआधी इथली कॉलेजं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे एखाद्या काचेत पदवीचा झगा घातलेला मुलगा असेल आणि घरात त्याच्या पदवीचा कागद सापडला, तर त्यावरचं विद्यापीठाचं नाव तुम्हाला वर्षांचा पट्टा देईल.

डोक्यावर काय आहे तेही पाहा. पगड्या, फेटे, काळ्या गोल टोप्या, की पांढरी गांधी टोपी? डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला, स्वागताध्यक्ष तुमच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज. रांगेत पांढऱ्या खादीच्या टोप्या दिसू लागल्या तर काच त्या सुमाराची किंवा नंतरची धरावी. छताला विजेचा दिवा किंवा पंखा आहे का, हेही बघा. आणि काच आहे म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं जुनी असलीच पाहिजे, असं समजू नका. फिल्म आल्यानंतरही स्टुडिओंत काच बराच काळ टिकून होती; १९३० च्या दशकातल्या काचा मिळणं मुळीच नवल नाही.

मुलं एवढी ताठ, गंभीर आणि सावळी का दिसतात?

तुम्ही हे विचारलं नाहीत, पण काचा सरळ करून पाहिल्यावर घरातलं कुणीतरी विचारणारच.

ताठपणाचं कारण वेळ. कोरडी काच चपळ होती ती भर उन्हात. सावलीत, व्हरांड्यात, खोलीत भिंगाचं तोंड बारीक करून घेतलं की सेकंद, दोन सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ उजेड आत घ्यावा लागे. तेवढा वेळ पन्नास मुलांनी श्वास धरून बसायचं. हसू दोन सेकंद जागेवर राहत नाही. मिटलेले ओठ राहतात. तुमच्या फोटोतल्या टोकाच्या मुलाने तेवढ्यात मान वळवली. त्याचा सदरा आणि हात स्पष्ट आहेत आणि फक्त तोंड पुसट आहे का, ते बघा. तसं असेल तर काच खराब झालेली नाही, पोरगं हललं आहे. कुणीतरी हाक मारली असेल, माशी बसली असेल. त्या काचेत सगळ्यात जिवंत तोच आहे.

पायऱ्यांचंही कारण आहे. सगळे चेहरे दिसायला हवेत आणि सगळे भिंगापासून जवळजवळ सारख्या अंतरावर हवेत, म्हणून पायऱ्या. मधल्या ओळीत खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभे वरच्या वर्गातले, पुढे सतरंजीवर धाकटे. ही मांडणी आजही शाळेच्या फोटोत तशीच चालते.

सावळेपणाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. सुरुवातीच्या साध्या काचांना फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. पिवळा फारच कमी, तांबडा जवळजवळ नाहीच. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याचमुळे. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने थरात रंग मिसळून काचेला हिरवा-पिवळा उजेड दाखवायला सुरुवात केली, आणि तांबड्यासकट सगळे रंग कळणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमाराला. त्याआधीच्या काचेवर निळं आकाश पांढरं पडतं, लाल पगडी काळी होते, कपाळावरचं कुंकू शाईच्या ठिपक्यासारखं येतं, निळं लुगडं फिकं पडतं. आणि आपली गव्हाळ कातडी, जिच्यात तांबूस-पिवळी छटा असते, ती प्रत्यक्षापेक्षा कितीतरी गडद उमटते. तेव्हा ‘आपले पूर्वज किती काळे होते’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, काचेला ते रंग दिसतच नव्हते. फोटोवरून कुणाच्या वर्णाबद्दल बोलू नये.

पेन्सिलीच्या रेघा आणि चांदीची चमक पुसावी का?

नाही. दोन्हीही नाही.

पेन्सिलीच्या रेघा म्हणजे टचिंग. निगेटिव्ह धुऊन वाळली की मंद बाजूवर चेहऱ्याच्या जागी टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके आणि स्वल्पविरामासारख्या रेघा मारायच्या. तिथे उजेड अडतो, कागदावर तेवढी जागा उजळ येते, देवीचे व्रण आणि सुरकुत्या कमी होतात. आकाशाच्या भागावर लाल किंवा काळा रंग फासलेला दिसला तर तोही मुद्दाम लावलेला, छापताना तो भाग कोरा यावा म्हणून. हे हात त्या फोटोचाच भाग आहेत. कडेला खरवडून लिहिलेला आकडा असेल तर तो तर मुळीच घालवू नका. तो बहुधा फोटोग्राफरच्या वहीतला क्रमांक असतो. माझ्याकडे आलेल्या एका काचेवर मी भिंगाखाली पाहिलं, तर प्रत्येक मुलाच्या गालावर रेघा होत्या आणि एकाच्या गालावर नव्हत्या. त्याला कुणी विसरलं की त्याने ‘मला आहे तसाच ठेवा’ म्हणून सांगितलं, या विचारात माझी एक दुपार गेली.

निळसर चमक ही चांदीची. दमट हवा आणि हलक्या प्रतीच्या कागदातले वायू लागून थरातली चांदी विरघळून वर येते आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसते. कडांना हवा आधी लागते म्हणून ती कडांना दिसते. पुसली तर चित्रही तिच्याबरोबर निघेल. जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. पाणी लागलं की फुगतं, काचेपासून सुटतं, आणि बुरशीला तर ते आयतं खाद्यच.

हे एवढं आग्रहाने सांगण्याचं कारण आहे. एका गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागच्या अंगणात मी सोड्याच्या पाण्याने भरलेली बादली पाहिली होती. शेजारी स्वच्छ धुतलेल्या काचा उन्हात वाळत होत्या. देवांच्या तसबिरींना त्या बसवायच्या होत्या. बादलीच्या तळाशी काळा चिकट गाळ साचला होता. तो गाळ म्हणजे माणसांचे चेहरे होते. धुणाऱ्याचा दोष नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो.

मग करायचं काय? हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, काच दोन्ही हातांनी कडांना धरा. सुती हातमोजे नकोत, काच निसटते. टेबलावर जाड मऊ कापड अंथरा. चकचकीत बाजूवरची धूळ रंगाच्या मऊ, कोऱ्या ब्रशने हलकेच झटका. मंद बाजूला हात लावू नका. प्रत्येक काचेला कोऱ्या, पांढऱ्या, छपाई नसलेल्या कागदाचं पाकीट करा, चारही बाजूंनी आत दुमडणारं, चिकटवण्याची गरज नसलेलं. आम्लविरहित कागद मिळाला तर उत्तम. वर्तमानपत्र नको, प्लास्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्या नकोत. काचा लांब कडेवर पुस्तकासारख्या उभ्या ठेवा; एकीवर एक रचल्या तर खालच्या तडकतात. फुटलेल्या काचेचे तुकडे पुठ्ठ्यावर आडवे, एकमेकांना न घासणारे ठेवा. चिकटपट्टी किंवा फेविकॉल चुकूनही लावू नका.

जागेचं म्हणाल तर अशा काचांना थंड आणि कोरडी हवा मानवते. आर्द्रता तीस ते चाळीस टक्के असेल तर फार चांगलं. विदर्भात माळा ही सगळ्यांत वाईट जागा. मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी, जुलैत ओल. तळमजल्यावरची आतली खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लोखंडी किंवा लाकडी कपाट, आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : त्या खोलीत कूलर चालवू नका. कूलर आपल्याला गार वाटतो, पण तो खोलीत पाण्याची वाफ सोडतो.

थर सुटू लागलेल्या किंवा बुरशी चढलेल्या काचा घरी हाताळू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन-संवर्धनाचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथे विचारा. नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ आणि मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, इथल्या जाणत्यांना दाखवणंही चांगलं. अशा काचांची किंमत देशाने ओळखलेली आहे. लाला दीनदयाळ यांच्या २,८५७ काचनिगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जपून ठेवल्या आहेत.

फोटो कसे काढून घ्यायचे?

पूर्वी हे काम सूर्य करायचा. लाकडी चौकटीत काच आणि तिच्या मंद बाजूला टेकून कागद ठेवायचा, चौकट उन्हात मांडायची. मागचं झाकण अर्धं उघडून कागद किती रंगला ते पाहायचं, मनासारखा झाला की धुवायचा. काच जेवढी, तेवढाच फोटो.

आज तुमच्या मोबाइलने हे होतं. एका टॅबवर किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा उघडा. त्याच्या दोन बाजूंना लाकडाच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या ठेवा आणि काच चकचकीत बाजू वर करून पट्ट्यांवर टेकवा, म्हणजे ती पडद्याला लागणार नाही आणि पडद्याचे ठिपकेही फोटोत येणार नाहीत. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. मोबाइल काचेच्या बरोबर वर, आडवा, स्थिर धरून फोटो घ्या. काचेच्या चारही कडा चौकटीत येऊ द्या, कारण आकडे आणि बोटांच्या खुणा कडांवरच असतात. मग फोटो दुरुस्त करायच्या कुठल्याही ॲपमध्ये रंग उलटे करा. तेव्हा पांढरे केस काळे होतील, आणि कुणाच्या तरी आजोबांचं विशीतलं तोंड तुमच्याकडे पाहील. घरातल्या सगळ्यांना त्या वेळी जवळ बसवा.

आणि हे झालं की खरं काम सुरू होतं.

नावं कशी लिहायची?

काच शंभर वर्षं राहते. नावं मात्र माणसांच्या तोंडी असतात आणि माणसांबरोबर जातात.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत मोठं उदाहरण एका कॉलेजातल्या फोटोचंच आहे. १० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियातलं वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात एकत्र बसल्या आहेत. डावीकडे साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, वय वीस. मध्ये जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबत इस्लांबुली. आज हा फोटो जगभर पाहिला जातो, आणि ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागाराने तो जपला आहे. पाहणाऱ्याला या तिघी कोण ते कळतं, कारण फोटोखाली कुणीतरी तिघींची नावं, गावं आणि देश लिहून ठेवले.

पण ती ओळ बारकाईने वाचा. सबतचं ‘तबत’ झालं आहे. आनंदीबाईंचं गाव ‘सिरॅनिसोर’ असं पडलं आहे. ते बंगालमधलं सेरामपूर; पती गोपाळरावांची तिथे नोकरी होती आणि अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी आपलं गाजलेलं भाषण तिथेच केलं. तिघींच्याही नावामागे ‘डॉ.’ लागलं आहे, पण त्या दिवशी तिघीही शिकत होत्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती मार्च १८८६ मध्ये. म्हणजे ती ओळ नंतर कधीतरी, ऐकीव उच्चारावरून लिहिली गेली असणार. चुका आहेत, तरी ती ओळ होती म्हणून धागा तुटला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्षही पुरं होण्याआधी, आनंदीबाई गेल्या. नाव लिहिणाऱ्याने उद्यावर टाकलं असतं तर?

तेव्हा सगळ्यांत घाईचं काम हे. आबाजींना पाहिलेली, त्यांच्या मित्रांची नावं ऐकलेली जी कोणी माणसं रोहण्यात, आर्वीत, पुलगावात असतील, एखादी म्हातारी आत्या, एखादे शेजारचे काका, त्यांच्यासमोर हे सरळ केलेले फोटो मोठे करून धरा. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या. ‘हा कोण?’ एवढंच विचारू नका. ‘हा कुठला, पुढे काय झाला, आपल्याकडे येत होता का?’ असंही विचारा. प्रत्येक काचेला क्रमांक द्या आणि तो पाकिटावर लिहा, काचेवर नव्हे. पाकिटात काच घालण्याआधी पेन्सिलीने लिहा : क्रमांक, डावीकडून नावं, गाव, अंदाजे वर्ष, आणि हे सांगणाऱ्याचं नाव. जे पक्कं ते सरळ, जे अंदाजाचं त्यापुढे प्रश्नचिन्ह. स्वयंपाकी, शिपाई, दारातून डोकावणारा कुणी पोऱ्या कडेला आला असेल तर त्याचीही ओळ करा. कॉलेजच्या वह्यांत विद्यार्थ्यांची नावं कुठेतरी मिळतील. त्या पोऱ्याचं नाव फक्त तुमच्या आत्याला ठाऊक असेल.

मग आबाजी कुठे आहेत?

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं, त्याचं उत्तर पेटीतच आहे.

स्टुडिओत फोटो काढला की गिऱ्हाइकाला कागद मिळायचा. काच स्टुडिओकडे राहायची, कारण पुन्हा प्रत लागली तर पुन्हा पैसे. म्हणून बहुतेक घरांत जुने फोटो सापडतात, काचा सापडत नाहीत. तुमच्या घरी तेवीस काचा सापडल्या, त्याही हाफ प्लेट, म्हणजे हौशी माणसाला पेलणाऱ्या मापाच्या. त्यांवर नुसता वर्गाचा ग्रुप नाही, मित्राची खोली आहे, कंदील आहे, नाटकाचा वेष चढवलेली मुलं आहेत. स्टुडिओवाला होस्टेलच्या खोलीत सहसा जात नसे. तिथे मित्रच जातो.

म्हणून खात्री करून घ्या. प्रत्येक फोटो मोठा करून खालची कड तपासा. फोटो घेताना सूर्य पाठीमागे ठेवत, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिवई आणि काळ्या कापडाखाली वाकलेला माणूस यांची सावली कधी कधी पुढच्या जमिनीवर पडते. खिडकीची तावदानं पाहा, भिंतीवरच्या तसबिरीची काच पाहा, खोलीतला पितळी तांब्या पाहा. माळ्यावर पुन्हा जाऊन लाल काचेचा कंदील, काचा धुवायची उथळ चिनी मातीची ताटं, भिंग, तुटकी तिवई असं काही पडलंय का तेही बघा.

आणि मग त्या कंदिलाशेजारच्या मुलाकडे पुन्हा पाहा. तो पुस्तकातून मान वर करून कुणाकडे बघतोय? पायऱ्यांवरची सगळी पोरं, स्त्रीवेषातली ती दोघं, सगळ्यांची नजर एकाच जागी लागलेली आहे. माझ्या मते तिथे आबाजी उभे आहेत.

पाकिटांवर नावं लिहाल तेव्हा प्रत्येक पाकिटाच्या वरची ओळ मोकळी ठेवा. तिथे लिहा, ‘फोटो घेणारे’, पुढे आबाजींचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. सावली सापडली की ते प्रश्नचिन्ह खोडा, आणि मला जरूर कळवा.